चिमाचे सत्तावीस गुण

मित्रांनो, खिडकीशेजारच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली काळी गोम बघून परवा तुमच्यातल्या एकाने थेट चप्पल उगारली. अरे बाबांनो, थांबा! ती गोम नाही, मी आहे. पाय चाळीस आहेत हे कबूल, पण त्यातला एकही चालत नाही. मी एक जुना प्रोसेसर आहे, कॉम्प्युटरच्या डोक्यात बसून आकडेमोड करणारा. आयुष्यातले पाच दिवस सोडले तर माझी बेरीज कधी चुकली नाही. त्या पाच दिवसांत मात्र अशी चुकली, की एका चांगल्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं. ती मुलगी कोण ते शेवटी सांगतो. तुम्ही तिला ओळखता.

माझा जन्म वाळूचा. हसू नका. उल्हास नदीच्या काठावर असते तसलीच वाळू, फक्त परदेशातली. ती भट्टीत वितळवून, तिच्या पातळ चकत्या करून, त्यांवर केसापेक्षा बारीक रेघा काढून आम्हाला घडवलं. कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी आमची परीक्षा झाली. तुम्ही लेझीम खेळता ना? ढोलाचा ठोका पडला की पाऊल पडतं. आमचंही तसंच. क्रिस्टल नावाची चिंचोक्याएवढी पत्र्याची डबी असते, ती आमचा ढोल. सेकंदाला लाखांनी ठोके देते आणि दर ठोक्याला आम्ही पाऊल टाकतो. सेकंदाला ऐंशी लाख ठोक्यांपर्यंत माझं एकही पाऊल चुकलं नाही. त्याच्या पुढे मात्र पायात पाय यायला लागले. तपासणाऱ्याने मान हलवली आणि माझ्या पाठीवर आठचा शिक्का मारला. माझे काही भाऊ शंभर लाखांपर्यंत पोचले, त्यांना दहाचा मिळाला. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? खायला सगळ्यांना सारखंच, पाच व्होल्ट वीज. त्याहून कमी नको, जास्त तर नकोच नको.

तिथून बोटीने मुंबईला आलो. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात मला पत्र्याच्या खोक्यात बसवलं, आणि एकोणीसशे शहाऐंशीच्या दिवाळीत ते खोकं गवताच्या पेंढ्यांवर ठेवून टेंपोने कर्जतला आणलं. आणणारा होता मालोजी. बाजारपेठेत त्याचा टायपिंगचा क्लास होता. माणूस मनाने राजा, पण घाई अशी की चहा बशीत ओतून निवायची वाट बघेल तर शपथ. त्याच्या बायकोने, इंदूबाईने, खोक्याला हळदकुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि मालोजीला म्हणाली, "पैले त्याच्यासंगं नीट वागा. टायपरायटरवर आपटता तसं नका आपटू."

टायपिंगच्या पोरांना कॉम्प्युटर शिकायचा नव्हता. मग मालोजीने डोकं लढवलं. पुण्याहून पत्रिकांच्या प्रोग्रामची एक तबकडी आणली आणि दारावर पाटी लावली, 'येथे संगणकावर पत्रिका व गुणमेलन करून मिळेल'. आणि काय सांगू, लोक लोटले! खालापूर, कुंभिवली, चौक, जिकडून तिकडून. नवरानवरीच्या जन्मवेळा सांगायच्या, मी आठ प्रकारचे गुण मोजायचे, छत्तीसपैकी किती ते छापून द्यायचं. अठराच्या वर आले तर सुपारी फुटायची. ग्रहताऱ्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. तबकडीत सांगितलंय तसा गुणाकार आणि बेरीज करायची, एवढंच माझं काम. पण मी मिनिटाचा हिशोब मागायचो आणि समोरची माऊली सांगायची, "खोपोलीचा पाटंचा भोंगा झाला नि पोर झाली बघा." कोणी म्हणायचं, म्हशी सोडायच्या वक्ताला. मालोजी डोकं खाजवत काहीतरी वेळ टाकायचा. तरीही कागद हातात पडला की सगळे एकच बोलायचे, "जोशी माणूस बघून गुण घालतो. मशीन माणूस बघत नाय." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

शेजारच्या गाळ्यात चंदर रेडिओ दुरुस्त करायचा. दहिवलीच्या बौद्धवाडीतला, रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा. कमी बोलायचा आणि हातात कायम डाक लावायची गरम कांडी. मला काही झालं की तोच बघायचा. पत्रिका तो मानत नव्हता. "ज्याला बघायच्यात त्यानं बघाव्या. मला मशीन धड चालल्याशी कारण," म्हणायचा. पाठीवरचा माझा आठ वाचणारा अख्ख्या कर्जतात तो एकटा होता.

आता आमच्या बाजारपेठेची एक खोड सांगतो, कारण सगळं रामायण त्या खोडीतूनच झालं. संध्याकाळी कर्जतचा वीजदाब पडायचा. दिवे पिकल्या टोमॅटोसारखे लाल, पंखे आळसावलेले. म्हणून दुकानादुकानांत बूस्टरची पेटी असायची. तिची कळ एक घर वर फिरवली की दिवा उजळायचा, दोन घरं फिरवली की पंखा भिरभिरायचा. वर्षानुवर्षं हेच करून सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं, की काही मंद चाललं तर कळ वर फिरवायची. शेतावरच्या पंपाला तेच, गिरणीला तेच. मालोजीचा हात तर झोपेतसुद्धा त्या कळीकडे जात असेल.

सत्त्याऐंशीचा एप्रिल उजाडला. लग्नसराई भरात आली. एका जोडप्याचे गुण मोजून छापायला मला नऊ मिनिटं लागायची आणि बाकड्यावर वीस माणसं बसलेली. मालोजीला दम निघेना.

"चंदर, ह्याचा स्पीड वाढव ना रं."

चंदरने लॅमिंग्टन रोडवरून जास्त ठोक्यांचं क्रिस्टल आणलेलंच होतं, त्यालाही करून बघायची हौस. त्याने जुनी डबी काढून नवी बसवली. सेकंदाला एक कोटी ठोके! लेझमीत ढोलवाल्याच्या अंगात आलं की पोरांची जी त्रेधा उडते, ती माझी उडाली. चार पावलं टाकली आणि गपकन थांबलो. पडदा गोठला.

"नाय झेपत ह्याला," चंदर म्हणाला. "उद्या परत जुनं लावतो."

"अरे नाय झेपत तर व्होल्टेज वाढव! पंप नाय का ओढत?"

"पंप येगळा, ह्यो येगळा, मालोजीशेठ. ह्याच्या पाठीवर लिवलंय ते बघा. ज्यादा ठोका, त्यात ज्यादा वीज, आतून भाजून निघंल."

"कळ तरी कुठं असती ती?"

चंदर साधा माणूस. विजेच्या डब्यातला बारीक पितळी स्क्रू त्याने दाखवला आणि म्हणाला, ह्याला हात लावू नका. मित्रांनो, मालोजीसारख्याला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाचं शिंकं दाखवणं! दुसऱ्या दिवसापासून चंदर वस्तीतल्या जयंतीच्या रोषणाईला गेला. चौदा एप्रिलला चार दिवस उरलेले, दिव्यांच्या माळा त्याच्याकडेच असायच्या. क्रिस्टल बदलायचं राहून गेलं. आणि मालोजीने पेचकस घेतला.

एक आटा फिरवला. मी चाललो, अडखळलो. अजून अर्धा आटा. आणि काय आश्चर्य, पायात बळ आलं! कोटी ठोके, कोटी पावलं, चूक नाही. नऊ मिनिटांचं काम सात मिनिटांवर आलं.

"चाललं की रं!" मालोजी खुर्चीवरून उठून नाचला. "बघ इंदू, कळ फिरवल्याबिगर काय होतंय का?"

खरं सांगतो, मलाही चढली. दहाच्या शिक्क्याचे भाऊ आठवले आणि मनात म्हटलं, या आता, बघा मला. अंग तापत होतं ते कळत होतं. पण कौतुक चाललेलं असताना ताप आला हे कोण सांगतो? मालोजीने खोक्यावर टेबलफॅन सोडला आणि मी धावत राहिलो.

तेरा एप्रिलला भर दुपारी आनंदीबाई आली. खालापूरची, नवरा गेल्यावर दोन एकरांवर लेकीला वाढवलेली. बरोबर तिची लेक चिमा, खालापूरच्या बालवाडीची ताई. समोरच्या बाजूला लोधिवलीचा येसाजी आणि त्याचा मुलगा पदू. पदू टेंपो चालवायचा आणि बालवाडीला सुकडीची पोती पोचवायचा. आठवड्याला एक पोतं यायचं. गेलं वर्षभर मात्र काहीना काही निमित्ताने टेंपो दोनदा, तीनदा थांबायचा. सगळं गाव काय ते समजलेलं. येसाजीचीही ना नव्हती, पण म्हातारा नेमाचा पक्का. "कॉम्प्युटरचा कागद होऊ दे, मग सुपारी फोडू," एवढंच त्याचं म्हणणं. आनंदीबाईने तर सुपारी पिशवीतून आणलीच होती.

मालोजीने वेळा घातल्या. मी पळालो. बाहेर ऊन मरणाचं, आत मी तापून लाल. आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. मी आकडे दिव्यांनी लिहितो. एकाचा दिवा, दोनाचा, चाराचा, आठाचा, सोळाचा. सत्तावीस लिहायचे तर सोळा, आठ, दोन आणि एक हे चार दिवे लावायचे. मी लावले. पण अंगात जास्तीची वीज, तापलेल्या रेघा, आणि पुढचा ठोका आलासुद्धा. सोळाचा दिवा विझला. राहिले आठ, दोन आणि एक.

प्रिंटर करकरला. मालोजीने कागद फाडून वाचला आणि त्याचा चेहरा पडला.

"अकरा."

मित्रांनो, मला काही कळलंच नाही. सगळ्यात वाईट तेच. मी बंद पडलो असतो, धूर निघाला असता, तर लोकांनी ओळखलं असतं. पण मी आपला ऐटीत, स्वच्छ अक्षरात खोटं छापलं होतं.

येसाजी उठला. "अकरावर आमच्यात करत नाय. माफी असावी, आनंदीबाई. पोर गुणाची हाय तुमची. पन मशीन माणूस बघत नाय."

"बाबा, अहो..." पदू म्हणाला.

"चल."

पदू गेला. जाताना त्याने तीनदा मागे बघितलं. आनंदीबाईने सुपारी पिशवीत परत टाकली. चिमा म्हणाली, "काका, परत एकदा काडा ना."

"पोरी, कॉम्प्युटर चुकत नाय गं," मालोजी म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, तरी बोलला तसाच. चिमाने कागदाची घडी घातली, डोळे पुसले नाहीत, तशीच गेली.

घरी काय झालं ते मला मागून कळलं. आनंदीबाई चुलीशी बसून बडबडत राहिली, नशीबच फुटकं आपलं. चिमा ओटीवर कागद घेऊन बसली. बालवाडीत रोज पोरांना चिंचोके मोजायला शिकवायची सवय. डोळ्यांत पाणी असलं तरी बोटं आपोआप चालू झाली. कागदावर आठ ओळी होत्या. वर्ण एक, वश्य दोन, तारा तीन, योनी दोन, ग्रहमैत्री पाच, गण सहा, भकूट शून्य, नाडी आठ. आणि खाली एकूण, अकरा.

तिने पुन्हा मोजलं. मग चिंचोक्यांचा डबा आणला आणि ओळीओळीने मांडले. तिसऱ्यांदाही तेवढेच.

"आये," ती ओरडली, "सत्तावीस हायेत!"

इतकी माणसं कागद घेऊन गेली होती. सगळ्यांनी खालचा आकडा वाचला. वरच्या आठ ओळींची बेरीज करून बघावी असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. मशीनने केलीय, आता आपण कशाला करायची?

चौदा तारखेला बाजार बंदच होता. पंधराला सकाळी चिमा पहिल्या एसटीने आईला घेऊन दुकानात हजर. चंदरही त्याच वेळी आला, रात्रीच्या मिरवणुकीने डोळे लाल, कपाळावर निळ्या गुलालाचा डाग राहिलेला. चिमाने कागद टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. मालोजीचं तोंड उघडंच राहिलं. चंदरने मला चालूच ठेवून खोकं उघडलं आणि माझ्या पाठीवर बोट टेकवलं. टेकवलं आणि झटकन काढून तोंडात घातलं.

"भाजलं माझं बोट! मालोजीशेठ, स्क्रू फिरवला तुमी?"

मालोजी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघू लागला. चंदरने मीटर लावला. काटा पावणेसहावर.

"पाचाच्या जागी पावणेसहा! पाच दिवस! जित्या जीवाला पाच दिवस तापात पळवाल का?" कधी आवाज न चढवणारा चंदर कडाडला, आणि मग स्वतःशीच मान हलवून म्हणाला, "चूक माझीबी हाय. ठोका मी बदलला नि तसाच टाकून गेलो."

मालोजी खुर्चीत बसला. पहिल्यांदाच त्याने घाई केली नाही. "मला वाटलं, बूस्टरसारखंच," तो हळू आवाजात म्हणाला. "मंद चाललं की वर फिरवायचं." मग एकदम उठला, फटफटीला किक मारली आणि लोधिवलीला गेला. तासाभराने येसाजीला मागे बसवून घेऊन आला. पदू टेंपो घेऊन मागोमाग.

तोवर चंदरने जुनं क्रिस्टल लावलं होतं, स्क्रू उलटा फिरवून काटा बरोबर पाचावर आणला होता आणि मला निवू दिलं होतं. "आतून किती करपलाय ते चालवल्याशिवाय कळायचं नाय," तो म्हणाला. मालोजीने पुन्हा त्याच वेळा घातल्या. नऊ मिनिटं. मित्रांनो, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. माझ्या काही रेघा दुखावल्या होत्या, ते मला जाणवत होतं. कोणी कौतुक करू नये, कोणी घाई करू नये, फक्त सोळाचा दिवा टिकावा, एवढंच मी मागत होतो. एकेक पाऊल, ठोक्याला ठोका.

कागद निघाला. आठ ओळी त्याच. खाली एकूण, सत्तावीस.

आनंदीबाईने पदर तोंडाला लावला. पण येसाजी काही ऐकेना. "परवा अकरा, आज सत्तावीस. उद्या अजून काय बोलंल! ह्यातला खरा कंचा?"

प्रश्न रास्त होता. उत्तर चंदरने दिलं. "येसाजीबाबा, मी पत्रिका मानत नाय. पन बेरीज मानतो. वरच्या आठ ओळी दोनी कागदांवर एकच हायेत. तुमी सोता मोजा."

येसाजी शाळेत गेलेला नव्हता, पण भाताचे भारे मोजण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने आगपेटी काढली. चिमा एकेक ओळ वाचत गेली आणि तो तेवढ्या काड्या टेबलावर मांडत गेला. शेवटी सगळ्या काड्या पाचापाचाच्या जुड्या करून मोजल्या. पाच जुड्या, वर दोन. मोडून पुन्हा मोजल्या. पाच जुड्या, वर दोन.

"सत्तावीस," येसाजी म्हणाला आणि चिमाकडे बघत राहिला. "पोरी, मशीनची चूक तू पकडलीस?"

"मोजलं फक्त, बाबा."

"आमी समद्यांनी नुसतं वाचलं." त्याने काड्या आगपेटीत भरल्या. "पत्रिका नाय जुळली असती तरी ही सून मी नेली असती आता. आनंदीबाई, काडा ती सुपारी!"

पदू टेंपोचा हॉर्न वाजवायला धावला, आणि चंदर पोटभर हसला.

मालोजीने पुढे जे केलं, त्याबद्दल मी त्याला सगळं माफ केलं. त्याने पाटीखाली खडूने लिहिलं, 'गेल्या पाच दिवसांतल्या पत्रिका परत आणा. मशीन चुकलं नाही, मी चुकलो. फुकट तपासून देईन.' लोक हसले, दोन-चार जण भांडले, त्याने सगळं ऐकून घेतलं. अजून तीन कागद चुकीचे निघाले. सुदैवाने कोणाचं काही मोडलं नव्हतं.

मी मात्र पूर्वीचा राहिलो नाही. उन्हाळ्यात दुपारी मला भोवळ यायची. मग मालोजी, तोच घाईचा मालोजी, बारा ते तीन दुकान बंद ठेवू लागला. रोज उघडताना आणि मिटताना माझ्या पाठीवर बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "गार हाय. चला." नऊ मिनिटांचं काम नऊ मिनिटांतच व्हायचं. अशी अडीच वर्षं मी सुखाने काढली आणि एकही बेरीज चुकलो नाही. यंदा एकोणनव्वदच्या दिवाळीत त्याने नवा कॉम्प्युटर आणला. चंदरने मला हळूच उपटून काढलं, पाठीवरचा आठ उठून दिसावा म्हणून त्यात पांढरा रंग भरला आणि चिमाच्या हातात दिलं.

हो, तीच. तुमच्या लोधिवलीच्या बालवाडीच्या चिमाबाई. तुम्ही सगळे मिळून जी बेरीज करता, ती त्या दोनदा का करायला लावतात, ते आता कळलं?

मित्रांनो, माझं मागणं एकच आहे. कुठलंही यंत्र असो, बैल असो नाहीतर माणूस, त्याच्या पाठीवर त्याचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचा. तेवढंच खायला घाला, तेवढंच पळवा. जास्तीचं घालून जास्तीचं पळवलं तर तो पळेलही, आणि तुम्हाला वाटेल, वा, काय पळतोय! पण त्याच्या आतला कुठला दिवा विझला, ते त्यालाही कळणार नाही. म्हणून अधूनमधून बोट टेकवून बघा.

चिमाबाईंची लेक आता दीड वर्षाची आहे. रोज आजाच्या कडेवर बसून येते, येसाजी तिला खिडकीपाशी आणतो आणि ती तिचं इवलंसं बोट माझ्या पाठीवर टेकवते. काल तिला पहिल्यांदा बोलता आलं.

"गाल हाय," ती म्हणाली.

"गार हाय ना? मग झालं तर," येसाजी म्हणाला, आणि तिला घेऊन घरी गेला.